पिंपरीचं पेनिसिलिन, परळची सुरी

१९४१ च्या फेब्रुवारीत दोन घटना घडल्या. एकीला दुसरीची खबर असण्याचं कारण नव्हतं. १२ तारखेला ऑक्सफर्डच्या इस्पितळात आल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलीस शिपायाला पेनिसिलिन टोचलं गेलं. तोंडावरची जखम चिघळून त्याचा चेहरा पुवानं भरला होता, एक डोळा काढावा लागला होता. चार-पाच दिवसांत ताप उतरला, माणूस जेवू लागला, आणि औषध संपलं. त्याच्याच लघवीतून पेनिसिलिन परत गाळून त्याला दिलं, तेही पुरलं नाही. १५ मार्चला तो गेला. तो अंथरुणावर असतानाच, २८ फेब्रुवारीला, मुंबईत परळला गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते टाटा मेमोरियल हॉस्पिटलचं उद्घाटन झालं. कॅन्सरवर सुरी चालवणारं इस्पितळ उभं राहिलं, पण सुरीच्या जखमेत शिरणाऱ्या जंतूंना मारणारं खात्रीचं औषध त्या दिवशी जगात चमचाभरही उरलेलं नव्हतं.

टाटा इस्पितळाची जन्मकथा बहुतेकांना ठाऊक आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली ल्युकेमियानं वारल्या, वर्षभरात पती सर दोराबजीही गेले, आणि त्यांच्या नावाच्या ट्रस्टनं हे इस्पितळ उभारलं. कमी सांगितलं जातं ते हे, की टाटांच्या उद्योगांना लागलेल्या पैशाच्या झऱ्यांपैकी एक मावळातला होता. १९११ च्या फेब्रुवारीत लोणावळ्याला धरणाच्या कामाची पायाभरणी झाली. लोणावळा, वळवण, शिरवता या तलावांचं पाणी घाटाखाली सोडून १९१५ पासून खोपोलीला वीज तयार होऊ लागली आणि परळच्या गिरण्या तिच्यावर फिरल्या. पुढे मुळशीला धरण घालायला कंपनी निघाली तेव्हा सेनापती बापट आणि मावळे शेतकरी १९२१ मध्ये सत्याग्रहाला बसले. जमिनी गेल्या त्या गेल्याच. तो हिशेब वेगळा आहे आणि इस्पितळाच्या पुण्याईनं तो फिटत नाही. तरी मावळातल्या कुठल्याही गावात आज कोणाला कॅन्सर निघाला की ‘टाटाला नेलंय’ असंच म्हणतात. लोणावळ्याला गाडी पकडायची, घाट उतरायचा, दादरला उतरून परळ गाठायचं. रिपोर्टांची पिशवी, डबा आणि सोबतीला गावातला एक ‘मुंबई माहीत असलेला’ माणूस.

टाटाला जाणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण पहिल्यापासून पुष्कळ. डॉ. वसंत रामजी खानोलकर या इस्पितळाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते, आणि आपल्याकडच्या कॅन्सरचा इथल्या सवयींशी काय संबंध लागतो याचा शोध त्यांनी फार आधी सुरू केला. तंबाखू, पान, आणि आपल्या घाटमाथ्यावर बायकांची मिश्री. भाजलेल्या तंबाखूची ही पूड सकाळी दात घासायला म्हणून सुरू होते आणि दिवसातून चार वेळा हिरड्यांवर फिरते. पुढे गुटखा आला. महाराष्ट्रानं त्याच्यावर २०१२ मध्ये बंदी घातली. बंदी कशी पाळली जाते हे पानटपरीवर उभं राहिलं की कळतं.

तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन इतर ऑपरेशनांहून एका बाबतीत फार वेगळं. हर्नियाची किंवा थायरॉइडची जखम स्वच्छ कातडीतून केलेली असते. गालाचा, जबड्याचा, जिभेचा कॅन्सर काढताना मात्र मानेतल्या गाठी काढलेली मोठी पोकळी थेट तोंडात उघडते, आणि तोंडात जंतूंची अख्खी वस्ती. लाळ त्या जखमेत झिरपली की टाके सुटतात, मानेतून लाळ बाहेर येऊ लागते. पाठीच्या किंवा मांडीच्या मांसाचा तुकडा लावून भरून काढलेला गाल काळा पडतो. कधी कधी मानेतल्या मोठ्या धमनीची भिंत सडून फुटते, आणि मग धावपळीला फारसा अर्थ राहत नाही. डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्या पिढीच्या सर्जनांचा हात कितीही बसलेला असो, हा धोका हातावर अवलंबून नव्हता. सल्फाच्या गोळ्या होत्या, जखम धुणं होतं, नशीब होतं.

इथे गोष्ट खंडाळ्याला येते. मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे १९३२ पासूनचे संचालक साहिबसिंग सोखी हे लष्करी डॉक्टर. पत्नी लीला सोखी म्हणजे नर्तकी मादाम मेनका. कथकला रंगमंचाची शिस्त देणाऱ्या या बाईंनी खंडाळ्याला ‘नृत्यालयम’ काढलं होतं. दमयंती जोशी त्यांच्याच तालमीत तयार झाल्या. घाटमाथ्यावर घुंगरं वाजत होती त्या वर्षांत सोखींच्या डोक्यात मात्र औषधांचे कारखाने घोळत होते. १९३८ साली काँग्रेसनं नेमलेल्या राष्ट्रीय नियोजन समितीत आरोग्याच्या उपसमितीचं काम त्यांच्याकडे होतं. औषध नफ्यासाठी बनलं तर ते गरिबापर्यंत पोहोचत नाही, म्हणून देशानं ते स्वतः बनवावं, या मताशी ते शेवटपर्यंत चिकटून राहिले. युद्ध संपल्यावर पेनिसिलिन हिंदुस्थानात बोटीनं येत होतं, परदेशी कंपन्यांच्या भावानं. सोखी पुढे जागतिक आरोग्य संघटनेत सहायक महासंचालक झाले. हाफकिनमध्ये त्यांच्याबरोबर सल्फा औषधांवर काम केलेले रसायनशास्त्रज्ञ डॉ. के. गणपती भारताच्या पेनिसिलिन कारखान्याच्या उभारणीत आले.

हा कारखाना पिंपरीला झाला. आज पिंपरी मावळ लोकसभा मतदारसंघात आहे, तेव्हा ते पुण्याबाहेरचं, मुंबईच्या हमरस्त्यावरचं एक खेडं होतं. लोणावळ्याच्या दक्षिणेला उगम पावून पवन मावळ ओलांडत येणारी पवना त्याच्या अंगावरून जाते. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही सरकारी कंपनी मार्च १९५४ मध्ये नोंदली गेली. यंत्रसामग्रीला युनिसेफचं साहाय्य होतं, तंत्राला जागतिक आरोग्य संघटनेचं. १९५५ मध्ये पेनिसिलिन बाहेर पडू लागलं. औद्योगिक वसाहत, टेल्को, बजाज हे सगळं नंतरचं. पिंपरीकरांनी लांबलचक नाव कधीच घेतलं नाही. त्यांच्यासाठी ती ‘एचए कंपनी’. एचए कॉलनी, एचएची शाळा, एचएचं ग्राउंड.

पेनिसिलिन बनवणं म्हणजे मुळात बुरशीला खाऊ घालणं. मोठमोठ्या पोलादी टाक्यांत साखर आणि पोषक द्रव, खालून सतत फुंकलेली निर्जंतुक हवा, तापमान राखलेलं, आणि मध्ये चार-सहा दिवस वाढणारी बुरशी. एखादा परका जंतू आत शिरला तर सगळी टाकी ओतून द्यावी लागते. ज्या देशात दूध नासू नये म्हणून घराघरात खटपट चालायची, त्या देशातल्या कामगारांनी हे हजारो लिटरच्या मापानं शिकून घेतलं. १९६२ मध्ये तिथेच स्ट्रेप्टोमायसिन सुरू झालं, म्हणजे क्षयाचं औषध. संशोधन विभागही नावापुरता नव्हता. एम. जे. तिरुमलाचार यांनी मातीतल्या जंतूंपासून नवी औषधं शोधली. त्यांतलं बुरशीवरचं ‘हॅमायसिन’ कंपनीची आद्याक्षरं नावात मिरवतं, आणि ते देणाऱ्या जंतूचं शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. पिंपरीच्या मातीला इतका मान नंतर फक्त जागेच्या भावात मिळाला.

औषध स्वस्त झालं, तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोहोचलं. बाळंतपणात, न्यूमोनियात, शेतात पाय कापला म्हणून, कितीतरी माणसं जगली. त्याची थोरवी कमी करण्याचं कारण नाही. पण माझं मत असं की सुबत्तेनं डॉक्टरांच्या आणि रुग्णांच्याही हाताला एक सवय लावली. ऑक्सफर्डच्या शिपायाचं पेनिसिलिन लघवीतून गाळून घेतलं होतं, तेव्हा प्रत्येक डोसामागे ‘कशासाठी?’ हा प्रश्न आपोआप यायचा. कुपी कपाटात भरपूर दिसू लागल्यावर तो मागे पडला. ऑपरेशन झालं ना, मग पाच दिवस चालू ठेवा. ताप नाही? असू द्या, सात दिवस. टाके काढेपर्यंत राहू द्या. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. प्रत्येक युनिटमध्ये थोरल्या सर्जनाचा रिवाज होता आणि धाकट्यांनी तो उचलला.

खरं तर इशारा पिंपरीची पहिली टाकी भरण्याआधीच येऊन गेला होता. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनं १९४५ च्या नोबेल भाषणात कमी मात्रेच्या वापरानं जंतू निर्ढावतील असं सांगितलं होतं. लंडनच्या हॅमरस्मिथ इस्पितळात मेरी बार्बर यांनी जखमांतल्या स्टॅफिलोकॉकस जंतूंची मोजणी ठेवली. १९४६ मध्ये पेनिसिलिनला दाद न देणारे शंभरात १४ होते, १९४८ मध्ये ५९. अवघी दोन वर्षं.

या सगळ्यात सर्जनांसाठी मोलाचा प्रयोग झाला तो गिनीपिगांवर. बोस्टनचे सर्जन जॉन बर्क यांनी १९६१ मध्ये तो प्रसिद्ध केला. गिनीपिगाच्या कातडीत जंतू टोचायचे आणि अँटिबायोटिक वेगवेगळ्या वेळी द्यायचं, कोणाला आधी, कोणाला बरोबर, कोणाला तासानं, कोणाला तीन तासांनी. औषध आधीपासून रक्तात असेल तर जखम जवळजवळ स्वच्छ. जसजसा उशीर, तसतसा उपयोग कमी. तीन तासांनंतर दिलेलं औषध आणि न दिलेलं औषध यांत फरक उरला नाही. जंतू ऊतींत ठाण मांडून बसतात ते या पहिल्या दोन-तीन तासांत. म्हणजे जखमेचं भवितव्य टेबलावरच ठरतं. वॉर्डातले पुढचे पाच दिवस त्यात फारसं काही बदलत नाहीत.

कॅन्सरच्या सर्जनांना हे पटायला आणखी पुरावा हवा होता, कारण त्यांच्या जखमा गिनीपिगाच्या जखमांसारख्या नसतात. १९७९ मध्ये बेकर आणि पॅरेल या अमेरिकन डॉक्टरांनी डोकं-मानेच्या कॅन्सरच्या ऑपरेशनांत सेफाझोलिन हे अँटिबायोटिक आणि नुसतं पाणी यांची तुलना केली. औषध न मिळालेल्यांत शंभरातल्या ८७ जणांच्या जखमा पिकल्या, मिळालेल्यांत ३८. तोंडाशी जोडलेल्या जखमेत अँटिबायोटिक टाळणं म्हणजे रुग्णाशी खेळणं, हे त्या आकड्यांनी कायमचं ठरवलं. ‘अँटिबायोटिक कमी वापरा’ असं सरसकट सांगणाऱ्यांनी हा आकडा खिशात ठेवावा. किती दिवस, हा प्रश्न मात्र उरला, आणि त्यावरच्या पुढच्या अभ्यासांतून पुन्हापुन्हा एकच निघालं, की एका दिवसानं जे साधतं त्याहून जास्त पाच-सात दिवसांनी साधत नाही.

१९९२ मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीहून डेव्हिड क्लासेन आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. २,८४७ रुग्ण. छेद घेण्याआधीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांत जखमेचा संसर्ग ०.६ टक्के. त्याहूनही आधी दिलेल्यांत ३.८, ऑपरेशन सुरू होऊन तीन तास उलटल्यावर दिलेल्यांत ३.३. फार लवकर देणंही उशिरा देण्याइतकंच वाईट! आपल्या इस्पितळांना हा आकडा जास्त लागू होतो. वॉर्डात पहाटे सहाला सिस्टर इंजेक्शन देते. रुग्ण हिरवा गाऊन घालून ओटीबाहेरच्या पॅसेजमध्ये स्ट्रेचरवर पडून असतो, आधीची केस लांबते, आणि सुरी लागते साडेअकराला. कागदावर डोस दिलेला असतो. रक्तात तो केव्हाच ओसरलेला असतो. उपाय साधा होता, इंजेक्शन वॉर्डातून काढून भूलतज्ज्ञाच्या हाती द्यायचं, भूल देतानाच टोचायचं. साधा असला तरी त्यासाठी जबाबदारी एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे जाते, आणि सरकारी असो की खाजगी, आपल्याकडे यापेक्षा अवघड ऑपरेशन नाही.

ही सरकासरकी जगभर करून घेणाऱ्यांत एक वऱ्हाडी नाव आहे. यवतमाळ जिल्ह्यात उमरखेड तालुक्यातल्या उटीचे आत्माराम गावंडे शिकून अमेरिकेत गेले, ओहायोत मूत्रविकारांचे सर्जन झाले. उमरखेडला त्यांनी आईच्या नावानं उभं केलेलं कॉलेज आजही चालतं. त्यांचा मुलगा अतुल गावंडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित शस्त्रक्रियेच्या मोहिमेचं नेतृत्व त्यानं केलं आणि एका पानाची यादी तयार झाली. छेद घेण्याआधी सगळ्यांनी थांबायचं आणि मोठ्यानं विचारायचं: रुग्ण हाच ना, बाजू हीच ना, गेल्या ६० मिनिटांत अँटिबायोटिक दिलंय ना? जगातल्या आठ शहरांतल्या इस्पितळांत, त्यात दिल्लीचंही एक होतं, ही यादी लावून पाहिली. २००९ मध्ये निष्कर्ष आले. अँटिबायोटिक योग्य वेळी मिळण्याचं प्रमाण ५६ टक्क्यांवरून ८३ वर गेलं, जखमेचे संसर्ग ६.२ टक्क्यांवरून ३.४ वर उतरले. नवं औषध एकही नव्हतं.

त्याच वर्षी मुंबईत दुसरं काही दिसू लागलं होतं. माहीमच्या हिंदुजा इस्पितळात ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ मध्ये कार्बापेनेम या शेवटच्या फळीतल्या औषधांना दाद न देणारे २४ जंतू तपासले गेले, त्यांतल्या २२ मध्ये एनडीएम-१ हे जनुक निघालं. पायल देशपांडे, कॅमिला रॉड्रिग्ज आणि सहकाऱ्यांनी ते मार्च २०१० मध्ये भारतीय डॉक्टरांच्या नियतकालिकात छापलं. काही महिन्यांनी लॅन्सेटच्या निबंधानं गदारोळ केला. चर्चा जनुकाच्या नावात दिल्ली का (एनडी म्हणजे ‘न्यू डेल्ही’), यावर जास्त झाली. कॅन्सरवाल्यांना नावाची चैन परवडणारी नव्हती. केमोथेरपीनं पांढऱ्या पेशी घसरल्या की रुग्णाला ताप येतो, आणि त्या रात्री चालणारं अँटिबायोटिक नसेल तर पुढची केमो कोणाला द्यायची? पहिल्या मजल्यावर विनाकारण चालवलेल्या सात दिवसांच्या अँटिबायोटिकची किंमत तिसऱ्या मजल्यावरचा दुसराच रुग्ण मोजतो. अँटिबायोटिकच्या वापराबद्दलच्या २०१२ च्या चेन्नई जाहीरनाम्यामागे अब्दुल गफूर हे कॅन्सर रुग्णांच्या संसर्गाचे डॉक्टर होते, हा योगायोग नाही. १ मार्च २०१४ पासून एच-१ अनुसूची लागू झाली आणि ठरावीक अँटिबायोटिक्ससाठी दुकानदाराला नोंदवही ठेवणं भाग पडलं. २०१२ मध्येच टाटा मेमोरियलच्या पुढाकारानं नॅशनल कॅन्सर ग्रिड सुरू झालं होतं. त्यामुळे परळला बसलेली पद्धत बाहेरच्या इस्पितळांना सांगण्याची एक वाट तयार झाली. दरवेळी घाट उतरून मुंबईला जाण्याची वेळ कमी व्हावी, हाही त्यामागचा हेतू.

आणि एचए? बाहेरून, मुख्यतः चीनमधून, स्वस्त पेनिसिलिन येऊ लागल्यावर कंपनी खचत गेली. पगार थकले, मोर्चे निघाले, जमीन विकण्याच्या चर्चा झाल्या. देश पेनिसिलिन जी परदेशातून मागवू लागला. २०२० मध्ये कच्च्या औषधांसाठी सरकारनं प्रोत्साहन योजना काढली तेव्हा त्या यादीत पेनिसिलिन जी होतं. म्हणजे सोखींचा प्रश्न ऐंशी वर्षांनी पुन्हा फाइलवर आला. शहाण्या वापरासाठी साधं, जुनं, स्वस्त औषध वेळेवर हाताशी असावं लागतं. ऑपरेशनआधीचं सेफाझोलिन कपाटात नसलं की सर्जन पुढचं, भारी औषध उचलतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

२०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं शस्त्रक्रियेतल्या संसर्गाबद्दलच्या शिफारशी काढल्या. छेदाआधीच्या १२० मिनिटांत डोस द्यावा, आणि ऑपरेशन संपल्यावर प्रतिबंध म्हणून चालू ठेवू नये, हे त्यांत स्वच्छ लिहिलंय. ऑपरेशन लांबलं तर मध्येच पुन्हा द्यायचं असतं. सेफाझोलिनसाठी साधारण चार तासांनी, रक्त फार गेलं तरीही. जबड्याचं ऑपरेशन दहा तास चालतं, तिथे नेमका हाच मधला डोस विसरला जातो आणि नंतरचे पाच दिवस मात्र न चुकता दिले जातात. सगळ्यांत चिवट सवय ड्रेनची. मानेत किंवा छातीत रक्तपाणी काढायला नळी ठेवलेली असते, स्तनाच्या कॅन्सरनंतर ती आठवडा-दोन आठवडेही राहते. नळी आहे तोवर अँटिबायोटिक, असा रिवाज. त्या शिफारशींत नळीचा वेगळा उल्लेख करून तो मोडीत काढला आहे.

रिवाज मोडताना सर्जनासमोर नातेवाईकही असतात. कामशेतहून, वडगावहून आलेली माणसं कॉटशी बसलेली असतात. दुसऱ्या दिवशी सलाइन निघतं, सुई बंद होते, आणि मुलगा विचारतो, “डॉक्टर, इंजेक्शन का थांबवलं? पैशाचं काही असेल तर सांगा, आम्ही करू काहीतरी.” त्याच्या लेखी चालू इंजेक्शन म्हणजे चालू काळजी. शेजारच्या खाटेवरच्याला अजून चालू आहे, हेही त्यानं पाहिलेलं असतं. राउंड पुढे सरकत असतो, उत्तराला दोन मिनिटं असतात, आणि बऱ्याचदा निवासी डॉक्टर केसपेपरवर ‘आणखी तीन दिवस’ लिहून मोकळा होतो. काही ठिकाणी हल्ली हे बोलणं ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळीच, संमतिपत्रावर सही घेताना उरकतात: औषध टेबलावर मिळेल, लागलं तर मध्ये पुन्हा मिळेल, उद्या बंद होईल, आणि ताप आला किंवा जखम लाल झाली तर आम्ही नव्यानं सुरू करू.